आंधळ्या रास्कची धून

स्तेन्सबूच्या तिठ्यावर, बंद पडलेल्या डेअरीसमोर, पुरुषभर उंचीचा एक दगड उभा आहे. त्यावर कोरलंय, ‘आंधळा रास्क, सैनिक आणि वादक’. उन्हाळ्यात लांबलांबून पोरं येतात, काळ्या कपड्यांतली, दंडभर गोंदवून घेतलेली, आणि दगडाला मिठी मारून फोटो काढतात. हाल्वार सायकलवरून तिथून जातो तेव्हा दर वेळी मान दुसरीकडे वळवतो. कारण रास्कला त्याने स्वतःच्या हाताने पुरलंय, घरामागच्या बर्चच्या झाडाखाली. रास्क हा हाल्वारचा कुत्रा होता.

हसा खुशाल. या गोष्टीवर हाल्वारच्या घरातही पोट धरून हसून झालेलं आहे. पण ते फार जुनं झालं, आणि तेव्हा हसणारी माणसं तीन होती.

हाल्वार सुतार. आमच्या भागातल्या निम्म्या घरांच्या खिडक्या त्याच्या हातच्या. पण गाव त्याला ओळखतं ते व्हायोलिनसाठी. आमच्या हेल्सिंगलांद मुलखात व्हायोलिन शिकायला कागद लागत नाही. समोर बसायचं, ऐकायचं, वाजवायचं. आणि धून वाजवण्याआधी ती कोणाकडून आली त्याचं नाव घ्यायचं: ही अमक्या लोहाराकडची, ही तमक्या गिरणीवाल्याकडची. नाव न घेता धून वाजवणं म्हणजे शेजाऱ्याची कुऱ्हाड न विचारता उचलून आणणं. हाल्वार या बाबतीत महाकडक होता. एकदा एका लग्नात कोणा हौशी वादकाने नाव न घेता पोल्स्का, म्हणजे आमची तीन ठोक्यांची नाचाची धून, सुरू केली, तर हा जेवणाच्या टेबलावरून ओरडला होता, “कोणाची रे? की आभाळातून पडली?” नवरदेव बिचारा नाचायला उभा राहिलेला, तसाच उभा.

मारित ही हाल्वार आणि गेर्दची एकुलती एक मुलगी. बापाच्या गुडघ्याला टेकून शिकली आणि विशीच्या आत बापाच्या पुढे गेली. हे हाल्वारच सांगायचा, आणि सांगताना त्याची छाती फुगायची. गेर्दला यातलं काही वाजवता येत नव्हतं, गाता तर अजिबात येत नव्हतं. चर्चमध्ये ती नुसते ओठ हलवायची. पण कान असा तयार की भांडी घासता घासता आतून ओरडायची, “दुसरी तार उतरलीय!” आणि ती उतरलेलीच असायची.

एका हिवाळ्यात मारितने स्वयंपाकघरात बसून एक पोल्स्का केली. स्वतःची. चुलीपाशी रास्क पडलेला. म्हातारा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेले, भिंतीला नाक लावत लावत चालणारा. धुनेच्या दुसऱ्या भागात मारित दुसऱ्या ठोक्यावर जरा जास्तच थांबायची, आणि मग असा एक सूर लावायची की शुद्ध म्हणावा तर किंचित खाली, कोमल म्हणावा तर किंचित वर. तो सूर आला की रास्क मान वर करायचा. “बघ,” मारित म्हणायची, “याला कळतं. तुमच्या त्या परीक्षकांपेक्षा जास्त कळतं.”

परीक्षक म्हणजे दर उन्हाळ्यात बसणारी मंडळी. त्यांच्यासमोर आपल्या मुलखातल्या जुन्या धुना वाजवायच्या, प्रत्येकीचा धनी सांगायचा, आणि पसंत पडलं तर चांदीचा बिल्ला मिळतो. आमच्याकडे त्या बिल्ल्याला राजाच्या पदकापेक्षा मान आहे. स्वतः केलेल्या धुना तिथे चालत नाहीत. मारित तयारी करून गेली, छान वाजवलं, आणि शेवटच्या धुनेला तिच्या डोक्यातलं सगळं पार पुसलं गेलं. बोटं मात्र थांबली नाहीत. बोटांनी आपली स्वयंपाकघरातली पोल्स्का सुरू केली.

संपल्यावर एका म्हाताऱ्या परीक्षकाने विचारलं, “ही कोणाकडची?”

मारितच्या तोंडून निघून गेलं, “आंधळ्या रास्ककडची.”

रास्क हे आमच्याकडे जुन्या काळी सैनिकांना द्यायचे त्या नावांपैकी एक. परीक्षकाने आपणहून मान डोलावली. “सैनिक असणार. वाटलंच. असा सूर आता कोणी लावत नाही. असा सूर करता येत नाही, तो यावा लागतो.” म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे. मारितला बिल्ला मिळाला.

घरी येताना हसून हसून गाडी चालवता येईना म्हणून हाल्वारने ती कडेला लावली. “परीक्षकांना शेंडी लावली ग माझ्या पोरीने!” नियमाचा एवढा पक्का माणूस, पण पोरगी आपली. गेर्द मागच्या सीटवरून म्हणाली, “अगं, त्या बिचाऱ्या वादकाला आज निदान एक हाड तरी टाक.” मग मारित बिल्ल्याकडे बघत म्हणाली, “पप्पा, पुढच्या वर्षी जाऊन सांगते त्यांना. खरंच सांगते.”

पुढच्या वर्षी रास्क गेला. सांगायचं राहिलं. मारित उन्हाळी शिबिरांत शिकवायला जायची, तिथे ती धून मुलांना दिली, आणि नाव विचारलं की हसू दाबून म्हणायची, रास्ककडची. सांगते, सांगते, करता करता काही वर्षं गेली. मग एका जानेवारीत, लग्नात वाजवून परत येताना, जंगलातल्या रस्त्यावर तिच्या गाडीपुढे एल्क आला. घोड्याएवढं जनावर ते. चोवीस वर्षांची होती.

त्यानंतर हाल्वारने ती धून घराबाहेर कधी काढली नाही. मारितच्या वाढदिवसाला, ऑक्टोबरात, स्वयंपाकघरात एकदा वाजवायची, गेर्दने हात मांडीवर ठेवून ऐकायची, की झालं. टेपवर घेतलेली नव्हतीच. शिबिरातली पोरं मशीन घेऊन यायची तर हाल्वार त्यांना हाकलायचा: “हातात आहे ते डबीत कशाला भरायचं?” मारितही बापाचीच लेक. तिनेही कधी मशीन समोर ठेवू दिलं नाही.

तीसेक वर्षं अशीच गेली. आणि मग तो बँड आला.

बँडचं नाव ‘डांबररक्त’. काय नाव! पाचजण, जुन्या काळची सोंगं करून उभे राहणारे: लोकरीचे अंगरखे, गळ्यात शिंगं, चेहऱ्याला काजळी. ढोल, हाताने चाक फिरवून वाजवायचं ते घुमणारं वाद्य, आणि मध्यभागी तूवा नावाची मुलगी निकेलहार्पा घेऊन. हे पोटाशी आडवं धरून वाजवायचं तंतुवाद्य, बोटांनी लाकडी पट्ट्या दाबायच्या की सूर निघतो. हाल्वार अशा मंडळींना ‘भुताचा बाजार’ म्हणायचा. पण त्यांचा ठोका पक्का होता हे मनातल्या मनात कबूल करायचा. या तूवाला उप्साला शहरात कोणीतरी एक धून दिली, त्याला आणखी कोणी दिलेली, त्याला शिबिरातल्या कोणी. तिने ती ढोलावर चढवली. नाव ठेवलं ‘आंधळा रास्क’. आणि वर्षभरात ती धून पेट्रोल पंपावर, किराणा दुकानात, शेजारच्या पोराच्या फोनमध्ये, जिथे तिथे वाजायला लागली.

बरं, नुसती धून कुठली! लोकांनी रास्कला घडवला. तो लढाईत दारूच्या स्फोटाने आंधळा झाला, त्याची प्रेयसी बर्फात गोठून मेली, तो वाजवायला लागला की लांडगे येऊन बसायचे. नगरपालिकेला वाटलं, आपल्या गावचा माणूस आणि आपल्यालाच पत्ता नाही! म्हणून तो दगड. दगडावरचा पडदा काढायला हाल्वारलाच बोलावणं आलं. त्याने कंबर धरल्याचं सांगितलं.

“आत्ता सांग,” गेर्द म्हणाली.

“कसं सांगू? दगड बसवून झालाय.”

“म्हणून तर. उद्या पुतळा बसवतील. चार पायांचा बसवायला सांगणारेस?”

बोलली थट्टेने, पण त्या दिवशी ती जेवली नाही.

मग गेल्या वसंतात तूवा स्वतः त्यांच्या दारात आली. जुलैत स्तेन्सबूला वादकांचा मेळा भरणार होता, शेवटचा कार्यक्रम ‘डांबररक्त’चा, आणि तिला रास्कच्या गावचा सगळ्यात म्हातारा वादक स्टेजवर हवा होता. काजळी न लावलेली तूवा अगदी साधी, नाकावर ठिपके असलेली पोर निघाली. गेर्दने कॉफी केली, त्यात आमच्याकडच्या रीतीप्रमाणे चीजचे तुकडे टाकले. तूवाने बाही वर सरकवली तेव्हा दिसलं, हातावर दाढीवाला म्हातारा गोंदवलेला, डोळ्यांवर पट्टी.

हाल्वार वाकून त्या म्हाताऱ्याकडे पाहू लागला. मग म्हणाला, “ती धून माझ्या मुलीने केली.”

“तुमच्या मुलीने... म्हणजे रास्ककडून घेतली?”

“रास्क-बिस्क कोणी नाही. या इथे बसून केली. मारित तिचं नाव.”

 तूवाने आपल्या हाताकडे पाहिलं. “मग हा कोण?”

“ते मला काय माहीत? तू गोंदवून घेतलास.”

गेर्दला हसू फुटलं, आणि पाठोपाठ तूवालाही, आणि हसता हसता ती मुलगी रडायला लागली. खोटं नाव घेऊन आपण देशभर वाजवत हिंडलो, ते तिला फार लागलं. ही पोरंही शेवटी आमच्यातलीच. “हाल्वार, हे मी सांगून चालणार नाही,” ती डोळे पुसत म्हणाली. “तुम्ही या. धून सुरू करण्याआधी तुमच्या तोंडून नाव घ्या. मी पुढे काही बोलणार नाही. त्या दिवसापासून आम्ही मारितकडची म्हणूनच वाजवू.”

हाल्वार हो म्हणाला. कुत्र्याचं मात्र सांगितलं नाही. ते स्टेजवर जमलं तर सांगू, असं त्याने ठरवलं.

तूवा गेल्यावर गेर्द खिडकीशी उभी राहिली. “मला एकदा तिचं नाव मोठ्याने ऐकायचंय,” ती म्हणाली. “या घरात आपण दोघंच घेतो. आपण गेलो की कोण घेणार?”

“पण बिल्ल्याचं विचारतील. रास्क कोण ते विचारतील. हसतील ग तिला.”

“हसू देत. तीसुद्धा हसलीच होती की.”

सराव सुरू झाला. आठवड्यातून दोनदा बँड त्याच्या सुतारशाळेत यायचा. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. दुसऱ्या भागात हाल्वारने थांबून मारितचा तो मधला सूर लावला आणि बँडमधले सगळे दचकले. ढोल सोडला तर त्यांच्या वाद्यांना पट्ट्या. पट्टीवर एकतर हा सूर असतो नाहीतर तो. मधला सूर कुठून आणणार? उप्साल्याहून येतानाच तो कुठेतरी गळून पडला होता. दुसऱ्या ठोक्यावरचं थांबणंही ढोलाने केव्हाच गिळून टाकलं होतं.

“हाल्वार,” तूवा संकोचाने म्हणाली, “तेवढी एक जागा आमच्यासारखी घ्याल? नाहीतर लोकांना वाटेल तुम्ही बेसूर झालात.”

दुसरा कोणी असता तर हाल्वारने त्याला रंध्याने तासून काढला असता. पण त्याने मनाशी हिशेब केला: सूर घरात आहे, कुठे पळून जात नाही, नाव तर मिळतंय. त्याने ती जागा त्यांच्यासारखी घेतली. पुन्हा घेतली. सुरुवातीला बोट अडायचं, हट्टी वासरासारखं मागे ओढायचं. जूनच्या अखेरीस अडायचं थांबलं.

मेळ्याच्या दिवशी गेर्दने चर्चचा निळा पोशाख काढला आणि छातीवर मारितचा चांदीचा बिल्ला लावला. तो लावायचा हक्क तिला नव्हता, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. दुपारची वेळ, लख्ख ऊन, तळ्याकाठच्या मैदानावर माणसांची नुसती दाटी. गेर्द पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली. पहाटेपासून ती एखाद्या मुलीसारखी गोंधळली होती. हाल्वारची कॉलर तिने चार वेळा नीट केली होती.

तूवाने नाव पुकारलं. “आता जे वाजवणार आहोत, त्याची खरी गोष्ट सांगायला या गावचे हाल्वार आले आहेत.”

‘डांबररक्त’च्या लोकांची एक पद्धत आहे. रास्कची धून येणार म्हटलं की ते लांडग्यांसारखे ओरडतात, त्या गोष्टीतले लांडगे म्हणून. हाल्वार माइकपाशी पोचला आणि सगळं मैदान मान वर करून ओरडायला लागलं. पोरं, बाया, बापाच्या खांद्यावर बसलेली मुलं. सगळी हसत होती, कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं.  हाल्वारला लख्ख कळलं, उद्या काय होणार ते. रास्क कुत्रा होता हे एकदा कळलं की हेच लोक भुंकतील. प्रेमानेच भुंकतील. मारितचं नाव घेतलं की भुंकतील, दर गावी, दर मेळ्यात. ती धून जिवंत असेपर्यंत माझ्या पोरीच्या नावामागे भुंकणं येणार. आणि कोणीतरी विचारेल, कुत्र्याच्या नावावर मिळवलेला बिल्ला अजून तिचा कसा?

“कोणाकडची?” मैदानातून कोणीतरी ओरडलं. आमच्याकडे असं विचारायची रीतच आहे.

हाल्वारने गेर्दकडे पाहिलं. तिचे ओठ किंचित उघडे होते, कान त्याच्याकडे लागलेले. त्याने ते पाहिलं, आणि तरीही म्हणाला, “आंधळ्या रास्ककडची.”

मैदान उसळलं. तूवाने चमकून त्याच्याकडे पाहिलं, पण धून आणणाऱ्याने नाव घेतल्यावर त्यावर दुसऱ्याने बोलायचं नसतं. ढोल सुरू झाला. हाल्वार वाजवत राहिला, ती जागासुद्धा बँडसारखीच, कुठेही न अडखळता. खाली उतरल्यावर तो तूवाला एवढंच म्हणाला, “राहू दे, पोरी. मारितचा विषय कधीच काढू नको.” तिने मान डोलावली आणि हातावरची बाही खाली ओढली.

गाडीत गेर्दने बिल्ला काढून पर्समध्ये टाकला.

“ते भुंकले असते ग,” हाल्वार म्हणाला.

“भुंकले असते तर भुंकले असते.”

“तिला वाचवलं मी.”

“मेलेल्या माणसाला कशापासून वाचवतोस रे?” गेर्द समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. “मला एकदा ऐकायचं होतं. एकदाच.”

 हाल्वारने आयुष्यात एकदाच खोटं नाव घेऊन धून वाजवली, आणि तीही पोटच्या पोरीची. गेर्द त्यानंतर रागावली नाही, भांडली नाही. स्वयंपाक करायची, कॉफी द्यायची, हवापाण्याचं बोलायची. भांडी घासताना आतून तार उतरल्याचं सांगायची मात्र थांबली, आणि हे हाल्वारला भांडणापेक्षा जास्त लागलं.

ऑक्टोबर आला. मारितच्या वाढदिवशी सकाळी गेर्दने वेलचीचा केक केला, तीन बशा मांडल्या, हात पुसले आणि खुर्ची ओढून बसली. “वाजव,” ती म्हणाली. जुलैनंतर तिने त्याच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं.  नाव गेलं तर गेलं, पण ही तर आहे आपल्याजवळ, असं हाल्वारला वाटलं, आणि किती महिन्यांनी जीव जरा हलका झाला. त्याने व्हायोलिन खांद्याला लावलं. गेर्दने डोळे मिटले.

पहिला भाग नीट गेला. दुसरा भाग आला, आणि गज सरळ पुढे निघून गेला. थांबलाच नाही. गुळगुळीत, पट्टीवरचा, किराणा दुकानातला सूर.

गेर्दने डोळे उघडले. “ती नव्हे.”

“चुकलो. थांब.” त्याने पुन्हा सुरुवात केली. या वेळी मुद्दाम थांबला. सूर लावला, पण खाली गेला, नुसता रडका कोमल.

“ती नव्हे, हाल्वार.”

त्याने तिसऱ्यांदा लावला, चौथ्यांदा लावला. बोट तारेवर वर खाली सरकवून पाहिलं, केसभर, अर्धा केसभर. पूर्वी त्याला तो सूर कधी शोधावा लागला नव्हता. हात जायचा आणि तो तिथे असायचा. आता हात जाई तिथे बँडचा सूर आधीच येऊन बसलेला. कपाळावर घाम आला. “कशी होती ग?” त्याने विचारलं. “तू सांग. तुझा कान आहे. नुसती गुणगुणून दाखव.”

गेर्दने तोंड उघडलं. घशातून काहीतरी निघालं, फाटकं, सूर नसलेलं. तिने पुन्हा प्रयत्न केला, आणि मग रुमाल तोंडावर दाबला.

“मला ऐकू येतेय रे,” ती म्हणाली. “आत्ता, या क्षणीसुद्धा ऐकू येतेय, ती वाजवायची तश्शी. पण मला काढता येत नाही.”

हाल्वारने डोळे पुसले आणि गज पुन्हा तारेवर ठेवला.

“ही?”

“नाही.”

“मग ही?”

गेर्दने मान हलवली. हाल्वारने बोट जरासं वर सरकवलं.